यात्रेच्या शेवटी समुद्राकाठचा विसावा: जागा, तिथी आणि मुक्कामाची आखणी

निपाणीजवळच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची आणि भावकीतली मिळून दहा-अकरा माणसे टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून सौंदत्ती, शिरसी, इडगुंजी, मुरुडेश्वर आणि गोकर्ण अशी यात्रा करणार आहेत. सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि सासऱ्यांना मधुमेह आहे. यात्रा संपल्यावर समुद्राकाठी दोन-तीन दिवस निवांत राहावे अशी ताईंची इच्छा आहे. पण सासूबाईंचे म्हणणे असे की, देवाला जाऊन आल्यावर सरळ घरी यायचे असते, वाटेत मजा करीत राहायचे नसते. कोठे राहावे, किती दिवस राहावे, कोणता काळ चांगला आणि सासूबाईंना काय सांगावे, हे त्यांना हवे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मंडळींच्या यात्रांची आखणी मी अनेक वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी माझे मत सांगतो. गोकर्णात दर्शनापुरती एकच रात्र राहावे, मुरुडेश्वरचा मुक्काम गाळावा आणि वाचलेली रात्र विसाव्याकडे वळवून कारवारच्या उत्तरेला, काळी नदीपलीकडच्या सदाशिवगड-माजाळी या पट्ट्यात एकाच ठिकाणी सलग तीन रात्री राहावे. दोन रात्रींच्या मुक्कामाला मी विसावा म्हणत नाही, कारण पहिला दिवस पोहोचण्यात आणि सामान लावण्यात जातो, दुसरा दिवस थोडाफार हाती लागतो आणि त्या संध्याकाळीच निघण्याची आवराआवर सुरू होते. वयस्कर माणसाचे शरीर प्रवासाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जो थकवा दाखवू लागते, तो उतरायला एक पूर्ण दिवस आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन शांत रात्री तरी लागतात. तीन रात्री जमत नसतील तर यात्रेतले एक ठिकाण कमी करावे, पण विसावा कापू नये. यात्रा आखणाऱ्या बहुतेक घरांत नेमके याच्या उलट होते आणि शेवटी वेळ कमी पडला की समुद्राकाठचा दिवसच पहिल्यांदा कापला जातो.

सासूबाईंच्या शंकेला मी मान देतो, कारण तिच्यामागे जुना संकेत आहे. यात्रेहून परतताना वाटेत दुसऱ्याच्या घरी उतरू नये, थेट आपल्या घरी यावे आणि मग मावंदे (यात्रेनंतरचे जेवण) घालून यात्रेची सांगता करावी, ही रीत आपल्याकडे अजून पाळली जाते. परंतु समुद्राकाठी काढलेले दिवस यात्रेच्या बाहेरचे धरण्याचे कारण नाही. समुद्र हे सर्व नद्यांचे तीर्थ मानले गेले आहे आणि गोकर्णाच्या यात्रेत समुद्रस्नान हा विधीचाच भाग आहे. शिवाय गोकर्णाच्या कथेतच हा सगळा किनारा एका धाग्यात ओवलेला आहे. रावणाने कैलासाहून आणलेले आत्मलिंग गुराख्याच्या रूपातील गणपतीने जमिनीवर ठेवले, ते उपटून काढण्याच्या रावणाच्या प्रयत्नात त्याचे आवरण, झाकण, दोरा असे भाग वेगवेगळ्या ठिकाणी पडले आणि त्यांतून मुरुडेश्वर, धारेश्वर, गुणवंते आणि कारवारजवळचे सज्जेश्वर ही स्थाने झाली, असे स्थलपुराण सांगते. म्हणजे कारवारला थांबणे हे त्याच क्षेत्रात थांबणे आहे. सासूबाईंना हे सांगितले, आणि परतल्यावर मावंदे नेहमीप्रमाणे होईल असा शब्द दिला, तर त्यांच्या मनावरचे ओझे बरेच उतरेल. नवसाचे जे काही असेल ते मात्र गोकर्णापर्यंत पूर्ण करून घ्यावे. फेडायचे राहिलेले एखादे बोलणे मनात असेल तर वडीलधारी माणसे समुद्रापुढे बसूनही स्वस्थ बसत नाहीत.

आता दिवसांची आखणी. यात्रेची तारीख कॅलेंडरवरची सुट्टी पाहून न ठरवता तिथी पाहून ठरवावी, कारण देवळांतील गर्दी आणि समुद्राची भरती-ओहोटी दोन्ही तिथीवर चालतात. माझ्या मते वद्य द्वादशीला निपाणी सोडून सौंदत्ती गाठावी, त्रयोदशीला शिरसी, चतुर्दशीला इडगुंजी आणि मुरुडेश्वर करून संध्याकाळपर्यंत गोकर्ण, अमावास्येला सकाळी गोकर्णात समुद्रस्नान आणि दर्शन, आणि त्याच दिवशी दुपारनंतर कारवारकडे प्रस्थान, असा क्रम उत्तम बसतो. सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीच्या डोंगरावर मार्गशीर्ष, पौष आणि माघ या महिन्यांच्या पौर्णिमांना पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी आणि शुक्रवारीही गर्दी असते. वद्य पक्षात मधला वार पाहून गेल्यास जोगणभावी या पवित्र कुंडापासून परशुरामाच्या देवळापर्यंत सारे निवांत होते आणि परडी (देवीची टोपली) भरण्याचा कुळाचार घाईशिवाय करता येतो. समुद्रस्नान पर्वकाळी करावे हा जुना नियम अमावास्येला आपोआप पाळला जातो. पितरांसाठी तर्पण करायचे असेल तर तेही त्याच दिवशी होते.

कोणती अमावास्या, हेही पाहावे. कार्तिकातली किंवा पौषातली निवडावी. मार्गशीर्ष अमावास्या बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा त्याच्या आसपास येते आणि नाताळपासून नववर्षापर्यंत गोकर्ण, गोवा, मुरुडेश्वर हा सारा किनारा पर्यटकांनी भरलेला असतो. खोल्यांचे दर वाढतात आणि शांतता मिळत नाही. माघातील अमावास्येच्या आदल्या दिवशी महाशिवरात्र असते आणि तेव्हा गोकर्णात मोठी यात्रा भरते, रथ निघतो; ज्यांना तो सोहळाच पाहायचा आहे त्यांनी अवश्य जावे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. शिरसीच्या मारिकांबा देवीची जत्रा एक वर्षाआड साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते, त्या वर्षी तिच्या तारखा आधी विचाराव्यात. मार्चनंतर दमट उकाडा सुरू होतो. जून ते सप्टेंबर हा काळ तर पूर्ण टाळावा. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून माणसे दगावली, हे आपल्या भागात सर्वांच्या स्मरणात आहे. त्या चार महिन्यांत समुद्रही खवळलेला असतो; कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित बोटींना मासेमारीची बंदी असते, ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी असली तरी त्या दिवसांत किनाऱ्यावर बसण्यासारखेही काही नसते.

मुरुडेश्वरचा मुक्काम का गाळावा, हे सांगतो. कंदुकगिरीवर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले ते देऊळ, वीस मजली राजगोपुर आणि १२३ फूट उंचीची शिवमूर्ती हे दृश्य पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, आणि गोपुरात लिफ्ट असल्यामुळे वरून समुद्र पाहण्यासाठी सासूबाईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. परंतु मूर्तीजवळ जाण्यास पायऱ्या आहेत, दिवसभर सहलींच्या गाड्या येत असतात आणि राहण्याच्या बहुतेक जागा त्या गजबजाटाला लागून आहेत. दोन-तीन तास थांबून पुढे निघणे चांगले. इडगुंजीला तर द्विभुज गणपतीचे दर्शन आणि पंचखाद्याचा प्रसाद एवढेच, तासाभरात होते.

गोकर्णात महाबळेश्वराच्या दर्शनाला पुरुषांनी धोतर नेसावे आणि अंगावर सदरा-बनियन ठेवू नये, असा नियम आहे. त्यामुळे धोतर-उपरणे वरच्या पिशवीत ठेवावे, मोठ्या ट्रंकेच्या तळाशी नको. आधी महागणपती आणि मग महाबळेश्वर हा क्रम पाळतात, कारण आत्मलिंग येथे राहिले ते गणपतीमुळे. त्या मूर्तीच्या मस्तकावर रावणाच्या प्रहाराची खूण दाखवितात. आत्मलिंग पीठाच्या छिद्रातून केवळ वरच्या टोकापुरते दिसते आणि हाताने स्पर्श करून जाणवते. ४० वर्षांतून एकदा होणाऱ्या अष्टबंध (लिंग पीठात लेपाने बसविण्याच्या) विधीच्या वेळीच ते उघडे केले जाते. हे घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे गाभाऱ्यात काही न दिसल्याची निराशा होत नाही. देऊळ दुपारी बंद असते, म्हणून सकाळीच जावे.

मग गोकर्णातच का राहू नये, असे कोणीही विचारील, आणि किनाऱ्याची कीर्ती पाहता ते स्वाभाविक आहे. अडचण पायऱ्यांची आहे. ज्या ओम आणि कुडले किनाऱ्यांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, ते दोन्ही टेकडीखाली आहेत. गाडी वर थांबते आणि वाळूपर्यंत पायऱ्यांनी किंवा उताराच्या वाटेने उतरावे लागते. एकदा उतरलेल्या सासूबाई परत चढण्याच्या काळजीने बसल्या जागी अस्वस्थ होतील. देवळाजवळचा मुख्य किनारा सपाट आहे, परंतु स्नानाची, विधींची आणि फिरणाऱ्यांची वर्दळ तेथे सतत असते. उत्तरेकडे थोडे चालत गेल्यावर तो मोकळा होतो, आणि ज्यांना देऊळ सोडवत नाही त्यांच्यासाठी तोच भाग योग्य आहे. तरीही तीन दिवसांच्या विसाव्यासाठी मी गोकर्ण सुचवीत नाही.

कारवार सुचविण्यामागे समुद्राइतकीच इतरही कारणे आहेत. शहरातील रवींद्रनाथ टागोर किनारा सपाट आहे, पण त्याला लागूनच महामार्ग जातो. तो संध्याकाळी फिरण्यापुरता ठीक आहे. शहराच्या दक्षिणेकडचा बराच किनारा नौदलाच्या तळाखाली आहे. उत्तरेला मात्र काळी नदीचा पूल ओलांडला की सदाशिवगडाच्या पुढे, गोव्याच्या हद्दीपर्यंत, सुरूची झाडे आणि लांबच लांब सपाट वाळू आहे आणि वस्ती विरळ आहे. दुसरे कारण भाषेचे. बेळगाव आणि कारवार हे दोन्ही भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. कारवारकडची मंडळी घरी कोकणी बोलतात आणि त्यांना मराठी चांगले समजते, त्यामुळे सासूबाई स्वतः दुकानात जाऊन चहा मागू शकतात, शेजारच्या बाईशी दोन शब्द बोलू शकतात. चार दिवस प्रत्येक गोष्टीसाठी मुलाच्या किंवा सुनेच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या माणसाला याचे किती समाधान वाटते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तिसरे कारण, कारवार हे जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे तेथे जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मधुमेही माणूस बरोबर असताना रात्री गाडीने लवकर पोहोचता येईल असे रुग्णालय असणे मी खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसण्यापेक्षा महत्त्वाचे मानतो.

खोली ठरविताना फोनवर दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का? उत्तर गोलमोल आले तर दारापासून चालत चालत वाळूपर्यंत व्हिडिओ कॉल करून दाखवायला सांगावे; चांगला मालक आनंदाने दाखवितो. तळमजला, कमोड, न्हाणीघरात धरायला कठडा, सकाळी गरम पाणी आणि वीज गेल्यास इन्व्हर्टर, या गोष्टी निश्चित करून घ्याव्यात. खोलीपुढे ओसरी किंवा पडवी असेल तर ती अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे, कारण वयस्कर मंडळींचा दिवसाचा अधिक वेळ वाळूवर जात नाही. तो समुद्र दिसेल किंवा निदान ऐकू येईल अशा सावलीत बसण्यात जातो. पलंग फार खाली नको. प्लास्टिकच्या आणि घडीच्या खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात आणि बसलेले माणूस एकदम कलते, म्हणून खुर्चीखाली टाकायला एखादी जुनी फळी मागून घ्यावी.

भरती-ओहोटीचे गणित आपल्या घाटावरच्या लोकांना सवयीचे नसते. आपल्या नद्या बहुतेक पूर्वेकडे धावतात. सौंदत्तीजवळ अडविलेली मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला, पश्चिम समुद्रापासून फार लांब नसलेल्या डोंगरात उगम पावते, तरी कूडलसंगमाला कृष्णेस मिळून शेवटी बंगालच्या उपसागरास जाते. म्हणून ढोबळ नियम सांगतो. तिथीचा पाऊणपट करावा, म्हणजे मुंबईकडे पूर्ण भरती किती वाजता येते ते निघते. कारवारकडे ती तास-दीड तास आधी येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या शून्य धरल्यास मुंबईकडची भरती बाराची निघते; यावरून अमावास्येला गोकर्णात पूर्ण भरती सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास असते, म्हणजे सातच्या स्नानाच्या वेळी पाणी चढत असते, आणि अमावास्येचे ते उधाण असल्यामुळे जोरातही चढत असते. सासूबाई आणि सासरे यांनी पाण्यात शिरू नये. लाटेचे पाणी पायाला लागेल अशा ठिकाणी कोणीतरी दंडाला धरून उभे राहावे आणि तांब्याने डोक्यावर पाणी घालावे. स्नानाचे पुण्य त्याने कमी होत नाही, हे तेथील पुरोहितही सांगतात.

याच गणितामुळे पुढचे तीन दिवस फार सुखाचे जातात. शुद्ध द्वितीया-तृतीयेला कारवारकडे सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असते, अमावास्येच्या आसपासची असल्यामुळे पाणी बरेच मागे गेलेले असते आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाने कोरड्या भुसभुशीत वाळूत चालूच नये, तेथे प्रत्येक पाऊल रुतते आणि गुडघ्याला पीळ बसतो. ओल्या घट्ट वाळूवर मात्र काठी घेऊन बरेच अंतर चालता येते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा गार आणि कोरडा असतो. नऊनंतर ऊन तापते, तेव्हा आत यावे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि साडेचारच्या पुढे पुन्हा बाहेर बसण्याजोगे होते. द्वितीयेच्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ असल्यास सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात चंद्राची कोर समुद्रावरच दिसते, आणि तिला नमस्कार करण्याची रीत आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावी लागत नाही.

बरोबरच्या तरुण मुलांविषयी कडक राहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या सहलीला आलेल्या चार मुली मुरुडेश्वरच्या समुद्रात बुडाल्या. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो पट्टा शांत आणि सपाट दिसतो, तेथूनच पाणी वेगाने आत ओढले जात असते, आणि घाटावरून आलेली मुले नेमकी ती जागा पोहायला सोपी समजून निवडतात. विहिरीत किंवा हिरण्यकेशीच्या डोहात पोहता येणे आणि समुद्रात पोहता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काळी नदीच्या मुखाजवळ तर पाण्यात उतरूच नये, कारण ओहोटीच्या वेळी नदीचे आणि समुद्राचे पाणी मिळून बाहेर ओढते. गुडघ्याच्या वर पाणी नको, संध्याकाळी सहानंतर पाणी नको आणि जीवरक्षक नसेल तेथे मुळीच नको, असा नियम निघण्यापूर्वी घरीच सर्वांसमोर सांगावा.

सासऱ्यांच्या मधुमेहासाठी दोन गोष्टी सांगतो. औषधांबाबत अर्थातच त्यांच्या डॉक्टरांचे ऐकावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून वाळूवर अनवाणी चालू देऊ नये; शिंपल्याची धार किंवा तापलेली वाळू त्यांना कळणार नाही आणि जखम घरी आल्यावर दिसेल. बंद, मऊ चपला किंवा कापडी बूट घालावेत आणि रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे उजेडात पाहावेत. इन्सुलिन घेत असतील तर खोलीत फ्रिज आहे का हे आधी विचारावे आणि ते गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नये. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तहान कळण्यापूर्वी पाणी द्यावे.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विसावा बहुधा येथेच बिघडतो. आपल्याकडच्या यात्रांत शेगडी, सिलिंडर, पीठ, मसाल्याचे डबे बरोबर घेण्याची पद्धत आहे. यल्लम्माच्या डोंगरावर नैवेद्य आपल्या हाताने करायचा असतो, म्हणून तेथपर्यंत ते योग्य आहे. परंतु तीच शेगडी कारवारच्या पडवीत मांडली, तर पुरुष समुद्राकडे तोंड करून बसतात आणि सुना भाकरी थापत बसतात. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी सासू-सासऱ्यांच्या विसाव्याचा विचार केला आहे, स्वतःचा केलेला दिसत नाही. म्हणून मी आग्रहाने सांगतो की, गोकर्णाहून निघताना शेगडी गाडीत सर्वांत मागे बांधून टाकावी आणि घरी पोहोचेपर्यंत ती उघडू नये. तीन दिवसांचे दोन्ही वेळचे जेवण राहण्याच्या ठिकाणीच ठरवून घ्यावे. किनाऱ्यावर उकड्या तांदळाचा भात आणि खोबरेल तेलातला स्वयंपाक असतो, जोंधळ्याची भाकरी सहसा मिळत नाही. तेव्हा घरून कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे लोणचे घ्यावे आणि जेवण ठरविताना साधा भात, कमी तिखट वरण, ताक, आमसुलाचे सार असे सांगून ठेवावे. यात्रेत मांसाहार वर्ज्य असेल तर हे आगाऊ बोलावे, कारण माशांचा स्वयंपाक त्याच चुलीवर होतो. देवळाजवळच्या शाकाहारी खाणावळीतून डबा मागविण्याची सोय बहुधा होते.

आणि तीन दिवसांत काही पाहायचे नाही. सदाशिवगडावर दुर्गेचे देऊळ आहे, ज्यांचे पाय चालतात त्यांनी एका सकाळी जाऊन यावे. बाकी गोवा एवढा जवळ आहे तर मंगेशी करून येऊ, शांतादुर्गा करून येऊ, हे मध्येच कोणीतरी काढते, आणि एकदा गाडी सुरू झाली की सासूबाई नको म्हणत नाहीत, कारण देवाला नको म्हणायचे नाही असे त्यांना वाटते. चालकालाही एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. घाट उतरवून आणि चढवून त्यालाच तुम्हाला घरी न्यायचे आहे.

ज्यांची यात्रा नरसोबावाडी, कोल्हापूर, जोतिबा, आदमापूर अशी असते, त्यांनी कारवारपर्यंत उतरू नये. त्यांच्यासाठी देवगड तालुक्यातील कुणकेश्वर चांगले, तेथे देऊळ अगदी किनाऱ्यावरच आहे. किंवा बेळगाव-चंदगडकडून येत असल्यास आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरून शिरोडा गाठावा, जेथून रेडीचा गणपती आणि आरवलीचा वेतोबा दोन्ही जवळ आहेत. गोव्यातील ज्यांची कुलदैवते आहेत त्यांना देवस्थानाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासात) राहणे सर्वांत सोयीचे. समुद्र तेथून दूर असला तरी शांतता मिळते. ज्यांना गाडी परवडत नाही अशा भगिनींसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, त्यामुळे निपाणीहून हुबळी, अंकोला करीत गोकर्णापर्यंत ओळखपत्रावर जाता येते, कोल्हापूरच्या नणंदेला मात्र तिकीट काढावे लागेल आणि वाटेत बस बदलाव्या लागतील.

परतीसाठी कारवारहून अणशी घाटाने जोयडा, रामनगर, लोंढा, खानापूर हा रस्ता अंतराने जवळचा आहे, पण तो दाट जंगलातून आणि वळणांतून जातो. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी अंकोल्याहून यल्लापूर, हुबळी हा महामार्ग लांब असूनही बरा. दोन्ही वाटांनी नाश्ता करून सकाळी आठला निघावे आणि घाट दिवसाउजेडी पार करावा. त्या दिवशी वाटेत एकही दर्शन ठेवू नये. मावंदे घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरविण्याची घाई करू नका. गुरुजींना विचारून आठवड्याभराने चांगला दिवस घ्या आणि आमंत्रणे निघण्यापूर्वीच देऊन ठेवा, म्हणजे तीन दिवस समुद्राकाठी असताना घरी किती पाने मांडायची याचा हिशोब कोणाच्या डोक्यात चालू राहणार नाही.